नळ घ्यायला बाईनं जावं

आज आपण नळाबद्दल बोलणार आहोत. नळाला पाणी येतं की नाही, यावर आपण बैठकीत नेहमीच बोलतो. आजचा विषय आहे तो नळच. स्वयंपाकघरात ओट्यावर, सिंकवर किंवा मोरीत जो नळ बसवायचा, तो कसा निवडायचा?

तुम्ही म्हणाल, त्यात काय निवडायचं? दुकानात जायचं आणि एक नळ आणायचा. आम्हालाही असंच वाटायचं. मग आमच्या एका गटातल्या ताईंच्या घरी जे झालं, ते बघून आमचे डोळे उघडले.

त्या ताईंनी गटातून कर्ज घेऊन स्वयंपाकघराचा ओटा बांधला. सिंक बसवलं. इतकी वर्षं अंगणात बसून भांडी घासली, आता उभ्यानं घासायची म्हणून त्या खुशीत होत्या. त्यांचे मालक तालुक्याला गेले आणि आरशासारखा चकचकीत नळ घेऊन आले. नळ बसला, शेजारणी बघून गेल्या. दुसऱ्या दिवशी ताईंनी कळशी नळाखाली धरली, तर ती नळाखाली मावेना. तिरकी धरली तर अर्धीच भरायची. धार आली तीही करंगळीएवढी, कारण छतावरची टाकी जेमतेम दहा फुटांवर आणि नळ मोठ्या दाबासाठी बनवलेला. भांडी धुताना सिंकच्या काठावर पाणी पडून अंगावर उडायचं ते वेगळंच. आम्ही घरी गेलो तेव्हा ताई म्हणाल्या, "नळ वाईट नाही हो, पण माझ्या कामाचा नाही." मालकांचंही काही चुकलं नव्हतं. त्यांनी मनापासून चांगला आणि महागातला नळ आणला होता. पण आपली कळशी किती उंच आहे, हे त्यांना कुठं ठाऊक? दिवसातून चाळीस-पन्नास वेळा तो नळ उघडणार कोण आणि बंद करणार कोण?

म्हणून आमचं आजचं म्हणणं एवढंच. जी बाई नळ वापरणार, तिनं नळ निवडावा. त्यासाठी फार शिकायला लागत नाही. घरातली चार मापं आणि चार प्रश्न सोबत न्यायचे.

पहिलं माप उंचीचं. आपल्या घरातलं नळाखाली भरायचं सगळ्यात उंच भांडं कोणतं, ते ठरवा. हंडा, कळशी की फिल्टरचं भांडं? ते सिंकमध्ये किंवा मोरीत जागेवर ठेवून बघा. भांड्याच्या तोंडाच्या वर चार बोटं जागा राहील, इतक्या उंचीवर नळाचं तोंड हवं. एक सुतळी घ्या आणि सिंकच्या तळापासून तिथपर्यंत मोजून गाठ मारा. भिंतीत पाईप आधीच काढलेला असेल, तर तो किती उंचीवर आहे, त्यासाठी दुसरी गाठ. पाईप खाली असेल तर वर वळून पुढं येणाऱ्या उंच मानेचा नळ लागतो. पाईप पुरेसा वर असेल तर साधा नळ चालतो.

दुसरं माप लांबीचं. भिंतीपासून सिंकच्या मधोमध किती अंतर आहे, ते मोजा आणि तिसरी गाठ मारा. धार सिंकच्या मधे पडली पाहिजे. नळ आखूड असेल तर भांडं भिंतीला आपटतं, फरशीवर पाणी सांडतं आणि मागच्या कोपऱ्यात शेवाळ धरतं. दुकानात आखूड नळाला शॉर्ट बॉडी आणि लांब नळाला लाँग बॉडी म्हणतात. भिंतीतून बाहेर येणारा साधा नळ म्हणजे बिब कॉक. ज्याची पुढची नळी डावी-उजवीकडे फिरते, तो सिंक कॉक. ओट्यावर किंवा बेसिनच्या काठावर उभा बसतो, तो पिलर कॉक. ही नावं पाठ असली की दुकानदारही आपल्याशी नीट बोलतो. सिंकसाठी फिरणाऱ्या नळीचा सिंक कॉक सोयीचा. नळी बाजूला सारली की मोठं पातेलं घासायला सिंक मोकळं मिळतं.

तिसरं माप दाबाचं. पाणी जितक्या उंचीवरून येतं, तितका त्याला दाब असतो. नळाच्या वर दहा मीटर, म्हणजे साधारण तेहेतीस फूट पाणी असेल, तर नळाशी जवळजवळ एक किलोचा दाब मिळतो. आपल्या एकमजली घरात टाकी नळापासून आठ-दहा फूट वर असते. म्हणजे एक किलोच्या तिसऱ्या हिश्शाएवढाही दाब नाही. शहरातल्या उंच इमारतीतल्या खालच्या मजल्यांवर जे नळ धो-धो चालतात, ते आपल्याकडे ठिबकतात ते यामुळेच. घरी एक साधी परीक्षा करा. दहा लिटरची बादली सध्याच्या नळाखाली ठेवा, नळ पूर्ण उघडा आणि मोबाईलच्या घड्याळात वेळ बघा. मिनिटभरात बादली भरली तर बहुतेक नळ चालतील. दोन मिनिटांहून जास्त लागली तर आतून मोकळा, साधा नळच घ्या. एका दांडीचा गरम-गार मिक्सर, ओढून लांब करायचा फवारा, असले प्रकार कमी दाबाला नकोत. घरात गरम पाण्याची वेगळी लाईनच नसेल, तर मिक्सरचे पैसे फुकटच जातात.

चौथं माप पाण्याच्या जातीचं. बोअरचं पाणी असेल आणि भांड्यावर पांढरे डाग पडत असतील, तर पाण्यात क्षार जास्त आहेत. टाकीच्या तळाला बारीक वाळू साचत असेल तर तेही लक्षात ठेवा. नळाच्या आत काय हवं, ते यावर ठरतं.

तर आता नळ आतून बघू. आपल्याकडे मुख्यतः दोन प्रकार मिळतात. पहिला वॉशरचा, ज्याला आपण वायसर म्हणतो. मूठ फिरवली की आतला दांडा खाली येतो आणि रबराची चकती पाण्याचं भोक दाबून धरते. हा दोन-तीन वेढे फिरवावा लागतो. चकती झिजली की नळ गळतो. मग आपण आणखी जोर लावून आवळतो आणि चकती आणखी लवकर तुटते. पण याची दुरुस्ती स्वस्त आणि घरच्या घरी होण्यासारखी आहे. दुसरा प्रकार सिरॅमिक चकत्यांचा. आत चिनी मातीसारख्या कठीण, गुळगुळीत दोन चकत्या एकमेकींवर बसवलेल्या असतात आणि दोन्हींना भोकं असतात. भोकासमोर भोक आलं की पाणी चालू, सरकलं की बंद. पाव वेढ्यात काम होतं, जोर लागत नाही आणि रबर झिजण्याची भानगड नसते. पण या चकत्यांमध्ये वाळूचा कण गेला की ओरखडा पडतो आणि नळ गळायला लागतो. मग आतला सगळा भाग, ज्याला कार्ट्रिज म्हणतात, तो बदलावा लागतो.

म्हणून दुकानात पहिला प्रश्न विचारायचा तो हा: "याचा आतला भाग सुटा मिळतो का? तुमच्याकडे आहे का?" असेल तर दाखवा म्हणायचं. जो भाग आपल्या बाजाराच्या गावात मिळत नाही, तो नळ कितीही देखणा असला तरी घेऊ नये. पाण्यात वाळू येत असेल तर टाकीतून येणाऱ्या पाईपला जाळीचा फिल्टर बसवा, नाहीतर सरळ वॉशरचाच नळ घ्या.

दुसरा प्रश्न: "हा कशाचा आहे?" चकाकी सगळ्यांनाच असते, कारण वरून क्रोमचा मुलामा असतो. आत पितळ असेल तर नळ टिकतो. जस्ताच्या हलक्या मिश्रधातूवरही तसाच मुलामा देतात आणि तो नळ लवकर खराब होतो. ओळखायचं कसं? हातात तोलून बघा. त्याच मापाचे दोन नळ दोन हातांत घ्या. पितळेचा जड लागतो. मग मागचे आटे, म्हणजे पाईपात बसणारा भाग बघा. मुलामा नसलेल्या जागी पिवळा रंग दिसला तर पितळ समजायचं. स्टीलचे नळही मिळतात. त्यांना मुलामा लागत नाही, त्यामुळे तो उडायचा प्रश्न नसतो. प्लॅस्टिकचा नळ स्वस्त असतो आणि खाऱ्या पाण्यानं गंजत नाही. अंगणातल्या नळाला तो बरा, कारण पितळेची तोटी चोरीला जाते. पण उन्हात साधं प्लॅस्टिक कडक होऊन तडकतं, आणि जास्त आवळलं तर आटे जातात. घरात सावलीला तो चालतो.

तिसरा प्रश्न: "आयएसआयची खूण कुठं आहे?" नळावर किंवा डब्यावर ती खूण असते. खुणेच्या वर मानकाचा क्रमांक असतो आणि खाली सीएम/एल असं लिहून परवान्याचा क्रमांक असतो. स्क्रूनं आवळायच्या साध्या पितळी नळांसाठी आयएस ७८१, नव्या तऱ्हेच्या पितळी नळांसाठी आयएस ८९३१ आणि प्लॅस्टिकच्या नळांसाठी आयएस ९७६३ ही मानकं आहेत. क्रमांक पाठ करायची गरज नाही, चिठ्ठीवर लिहून न्या. परवान्याचा क्रमांक बीआयएस केअर या मोबाईल अ‍ॅपवर टाकला की तो खरा आहे का, ते कळतं. गटातल्या एखादीच्या मुलीला सांगा, ती दोन मिनिटांत बघून देईल.

चौथा प्रश्न दुकानदाराला नाही, आपल्या हाताला विचारायचा. पीठ मळता-मळता नळ उघडायचा असेल तर मूठ घट्ट धरून फिरवणं जमत नाही. हात साबणाचे असले की गोल गुळगुळीत मूठ निसटते. आपल्या सासूबाईंची बोटं सांधेदुखीनं वाकडी झालेली असतील, तर त्यांना वॉशरचा नळ पुरता बंद करता येत नाही. मग तो रात्रभर गळतो आणि बोलणी त्या म्हाताऱ्या माणसाला बसतात. अशा घरी लांब दांडीचा, पाव वेढ्याचा नळ घ्यावा. मनगटानं किंवा कोपरानंही तो उघडतो. दुकानात नळ हातात घेऊन पाच-सहा वेळा उघडून-झाकून बघा. लाजू नका. पातेलं घेताना आपण टिचकी मारून बघतोच की.

आता एक गोष्ट आपल्या गावाची म्हणून सांगतो. जिथं चोवीस तास पाणी असतं, तिथं एक नळ पुरतो. आपल्याकडे पाणी तासभर येतं, काही ठिकाणी दिवसाआड येतं. तेव्हा आपल्या घरात नळाची कामं दोन आहेत. एक भरायचं आणि एक धुवायचं. भरताना मोठी धार हवी, कारण वेळ थोडा असतो. धुताना बारीक धार पुरते. दुकानात नळाच्या तोंडाशी बारीक जाळी असलेले नळ दिसतात. ती जाळी पाण्यात हवा मिसळते. धार मऊ पडते, उडत नाही आणि पाणी कमी लागतं. भांडी धुवायला ती फार चांगली, पण हंडा भरायला तिनं वेळ लागतो. म्हणून जमत असेल तर दोन नळ ठेवा. पाणी येणाऱ्या लाईनवर भरायला साधा, मोकळा नळ आणि टाकीच्या लाईनवर सिंकला जाळीचा नळ. एकच घ्यायचा असेल तर फिरवून काढता येणारी जाळी असलेला घ्या. खाऱ्या पाण्यानं जाळी बुजते. ती महिन्यातून एकदा काढून लिंबाच्या किंवा चिंचेच्या पाण्यात तासभर बुडवून जुन्या ब्रशनं घासली की मोकळी होते. नळावर मात्र संडास धुवायचं अ‍ॅसिड कधी लावू नका, मुलामा उडतो.

नळ बसवताना तिथं उभं राहा. आपले बहुतेक नळ अर्ध्या इंचाचे असतात, पण मागचे आटे पाईपाशी जुळतात का, ते आधीच बघा. भिंतीतला पाईप प्लॅस्टिकचा असेल तर नळ जिथं बसतो तिथला कोपरा, म्हणजे एल्बो, पितळी आट्यांचा मागा. साध्या प्लॅस्टिकच्या आट्यांत पितळी नळ आवळला की ते चिरतात आणि मग भिंत फोडावी लागते. आट्यांवर पांढरी टेप गुंडाळायला लावा. सिंकच्या खाली एक वेगळा बंद करायचा कॉक लावून घ्या. म्हणजे वॉशर बदलायला सगळ्या घराचं पाणी बंद करावं लागत नाही. आणि सिंकचं सांडपाणी कुठं जाणार, ते नळाआधी ठरवा. परसबागेला किंवा शोषखड्ड्यात सोडा, दारात डबकं नको.

वॉशर बदलणं आपण शिकून घेऊ. खालचा कॉक बंद करायचा. नळ उघडून साठलेलं पाणी जाऊ द्यायचं. पान्यानं वरचा भाग डावीकडं फिरवून सोडवायचा. जुनी चकती काढून त्याच मापाची नवी बसवायची आणि परत आवळायचा. पाच रुपयांच्या कामासाठी चार दिवस कुणाची वाट बघायची? नळ निदान तोवर गळत राहतो.

गळतीचा हिशेब एकदा घरी करा. रात्री दहाला गळक्या नळाखाली पातेलं ठेवा आणि सकाळी सहाला मोजा. समजा दोन लिटर भरलं. आठ तासांत दोन, म्हणजे दिवसाला सहा लिटर. महिन्याला एकशे ऐंशी लिटर. पंधरा लिटरचा हंडा धरला तर महिन्याला बारा हंडे. हे बारा हंडे आपण डोक्यावरून वाहिलेल्या बायका आहोत. तो भार आपली मान अजून विसरलेली नाही.

आणखी एक हिशेब. १५ ऑगस्ट २०१९ ला जल जीवन मिशन जाहीर झालं. त्यात खेड्यातल्या दर माणसामागं रोज ५५ लिटर पाणी धरलेलं आहे. मिनिटाला दहा लिटर देणारा नळ भांडी घासताना पाच मिनिटं नुसता चालू राहिला, तर ५० लिटर गेलं. म्हणजे जवळपास एका माणसाचा दिवसाचा वाटा. तो माणूस कोण, हे आपल्याला माहीत आहे. आमच्या वाडीत लाईनच्या शेवटच्या टोकाला गटातल्या एक काकू राहतात. वरच्या आळीतल्या दोन घरांनी नळाला तोट्याच लावल्या नव्हत्या. पाणी आलं की ते गटारीत वाहायचं, आणि काकूंच्या दारात नळ नुसता हवेचा आवाज करायचा. त्या दोन्ही घरांतल्या बायका आपल्याच गटातल्या होत्या. बैठकीत काकू रागावल्या नाहीत. नुसतं म्हणाल्या, "तुमच्याकडं पाणी आलं की मला आवाजावरून कळतं." त्या आठवड्यात दोन्ही घरी तोट्या बसल्या. काकूंची कळशी आता भरते. पुरती नाही, पण भरते.

उघडा पाईप आणखी एका कारणानं वाईट. पाणी बंद झालं की लाईन रिकामी होते आणि तोंडाशी असलेलं घाण पाणी आत ओढून घेते. दुसऱ्या दिवशी तेच पहिल्यांदा घराघरांत येतं. घरातही नळाला रबरी पाईप लावून त्याचं टोक टिपात बुडवून ठेवू नका. नळाचं तोंड भांड्याच्या काठाच्या वरच हवं. आणि सकाळी पहिला तांब्याभर पाणी प्यायला घेऊ नका. रात्रभर नळात थांबलेल्या पाण्यात पितळेतलं थोडं शिसं उतरू शकतं. ते पाणी भांड्यांना किंवा तुळशीला घाला, मग प्यायचं भरा.

तर मैत्रिणींनो, ज्या ताईंची गोष्ट सुरुवातीला सांगितली, त्यांनी काय केलं? तो चकचकीत नळ पावती दाखवून परत दिला आणि थोडे पैसे कमी घेऊन बदलून आणला. या वेळी त्या स्वतः गेल्या. पिशवीत सुतळी होती, तिला तीन गाठी. दुकानदार आधी हसला, मग त्यानं काउंटरवर चार नळ मांडले आणि ताईंनी सुतळी लावून एक उचलला. मालक शेजारी उभे होते. घरी येताना ते म्हणाले, "पुढच्या वेळी टाकी घेतानाही तूच चल."

पुढच्या बैठकीला येताना प्रत्येकीनं एक काम करून यायचं. रात्रभर नळाखाली पातेलं ठेवायचं आणि किती भरलं, ते वहीत लिहून आणायचं. सगळ्यांचे आकडे आपण फळ्यावर मांडू आणि बेरीज करू. ती बेरीज किती हंड्यांची होते, ते मग काकूच वाचून दाखवतील.